'ज्यूक जॉइंट'ला मराठीत काय म्हणावं?

उंबरठा: 'हनीड्रिपर' (२००७, दिग्दर्शक जॉन सेल्स) या चित्रपटाची मराठी उपशीर्षकं करायची आहेत. १९५०चं अमेरिकेतलं अलाबामा, पियानो वाजवणाऱ्या मालकाचा बुडीत चाललेला ब्लूज (तिथल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) क्लब, आणि ज्यूकबॉक्स (नाणं टाकून रेकॉर्ड वाजवायची पेटी) असलेल्या दुसऱ्या क्लबाकडे वळलेलं गिऱ्हाईक. अशा जागेला तिकडे 'ज्यूक जॉइंट' म्हणत. 'गुत्ता' लिहिलं तर संगीत हरवतं, 'क्लब' लिहिलं तर जिमखाना वाटतो. ओळ पडद्यावर दोन-तीन सेकंद राहते, तेव्हा खुलाशाला जागा नाही.

मूळशोधक: गुत्ता नकोच. मुळात गुत्ता म्हणजे मक्ता. कानडी 'गुत्तिगे', तेलुगू 'गुत्त'. मराठवाड्यात रस्त्याचं काम घेणाराही गुत्तेदारच. सरकारात पैसे भरून दारूविक्रीचा हक्क घेतला की तो गुत्ता. ज्यूक जॉइंटमध्ये बऱ्याचदा चोरटी दारू असे. मिसिसिपीत तर १९६६पर्यंत राज्यभर दारूबंदी होती. 'अड्डा' लिहा.

बोलीप्रेमी: व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही. गुत्ता म्हटल्यावर बाकडं आणि बाटली आठवते, लिलाव कुणाला आठवतो? आणि 'अड्डा' म्हटलं की जुगारच डोळ्यांपुढे येतो. मेहनतीने चालवलेल्या जागेवर तो शिक्का कशाला?

घुंगरू: नाचगाणं हवं असेल तर 'फड' सुचेल, पण फड म्हणजे माणसं, आणि ती गावोगाव फिरतात. इथे जागा पक्की, कलावंत येऊन-जाऊन. त्या मानाने संगीत बारीचं (लावणीच्या बैठकीचं) थिएटर जवळचं: थिएटर एकाचं, कलावंतांच्या पार्ट्या बाहेरून येणार. फरक इतकाच, की बारीत गिऱ्हाईक बसून बघतं, ज्यूक जॉइंटमध्ये स्वतः नाचतं. आणि नुसतं 'थिएटर' लिहिलंत तर वाचणाऱ्याला सिनेमागृह वाटेल.

बोलीप्रेमी: म्हणूनच 'ज्यूक' हा शब्द तसाच ठेवा. तो बहुधा गला भाषेतला. दक्षिण कॅरोलायना-जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या कृष्णवर्णीयांची ही बोली. तिच्यात 'जूक' म्हणजे बेबंद, धिंगाण्याचं. ज्यूकबॉक्सला नाव या जागांवरूनच मिळालं. वादकाला रात्रीचे पैसे मोजावे लागतात, पेटी मात्र गिऱ्हाइकाच्याच पाच सेंटांवर वाजते. क्लबाच्या पोटावर पाय आणणाऱ्या यंत्राला क्लबाचंच नाव! दोन्हीकडे 'ज्यूक' राहिलं तरच हे मराठीत दिसेल.

मूळशोधक: मग मराठी कशाला करायची? 'ज्यूक'ने वाचणाऱ्याला काय कळणार?

बोलीप्रेमी: पडद्यावर पियानो, दारू, नाच सगळं दिसतंय. चित्र सांगतंय ते शब्दाने पुन्हा कशाला सांगायचं?

समेवर: शब्द कुठलाही घ्या, 'ट्वेल्व्ह बार ब्लूज'ला 'बारा मात्रांचा ब्लूज' तेवढं लिहू नका. बार म्हणजे मात्रा नव्हे, मात्रांचा गट. एका बारात ४ मात्रा, म्हणजे पूर्ण चक्र ४८ मात्रांचं. सा हा षड्ज धरला तर साधा साचा असा: चार बार सा-च्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर), दोन म, दोन सा, मग एक प, एक म, शेवटी दोन सा. त्यात गाण्याच्या चार-चार बारांच्या तीन ओळी. बरेचदा पहिली ओळ दुसऱ्यांदा येते आणि तिसरी तिला उत्तर देते. प्रत्येक ओळीचे साधारण पहिले दोन बार गाण्याचे, उरलेले दोन वाद्याच्या जबाबाचे. त्या जबाबावर पडद्यावरची अक्षरं काढून घ्या, नाहीतर वाचताना कान बंद होतो.

उंबरठा: पुनरावृत्तीची ओळ परत छापायची?

समेवर: छापायचीच. दुसऱ्यांदा शब्द तेच, खालची कॉर्ड म-ची, भाव बदलतो.

घुंगरू: स्वर पाहिले तर हा धानी रागच ना? सा ग॒ म प नी॒.

समेवर: हार्मोनियमवर तसं दिसतं. पण ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो. गिटारवाला तार ओढून तिथे जातो. पियानोवर ती जागाच नाही, म्हणून वादक दोन्ही पट्ट्या लागोपाठ घसरवतो. धानीत शुद्ध गंधार लावलात तर राग मोडला.

घुंगरू: मग जोग राग घ्या, त्यात दोन्ही गंधार आहेत.

समेवर: जोगात आरोहाला शुद्ध, अवरोहाला कोमल. इथे एकाच स्वराची ओढाताण आहे. राग शोधूच नका.

मूळशोधक: 'अड्डा'चं काय ठरलं?