डाळ मिलचं कर्ज माझ्या नावावर की यांच्या?

प्रश्न (औसा, जि. लातूर)
बचत गटातून मी तूरडाळ करून विकते. तूर भिजवायची, तेल चोळायचं, उन्हात वाळवायची, मग गिरणीतून भरडून आणायची. क्विंटलला साधारण 70 किलो डाळ पडते, चुणी म्हशीला. मागणी वाढलीय, म्हणून पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून मिनी डाळ मिल घ्यायचीय. 35 टक्के अनुदान आहे. घरात विरोध नाही, पण सासरे (आबा) म्हणतात, "कागद पोराच्या नावानं कर, चालव तूच." बँकेतले साहेबही म्हणाले, "मालकांना घेऊन या."

आमच्याकडं बाईच्या राबण्याला कुणी नाही म्हणत नाही. खुरपणी, वेचणी, शेणपाणी सगळं तिचंच. सातबारा आणि पासबुकावर मात्र नाव पुरुषाचं. मला हे मान्य नाही. यांची ना नाही, पण आबांपुढं तोंड उघडत नाहीत. तारणाला माझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही. कर्ज मिळेल का?

उत्तर (निवृत्त बँक अधिकारी, सोलापूर)
मिळेल. सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या हमीवर विनातारण कर्ज होतं. स्वतःचा वाटा किमान 10 टक्के लागतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, तुमच्याच आधार-पॅनवर करा, ती मोफत आहे. अनुदान तीन वर्षं बँकेतच राहतं, हप्ते थकवू नका.

उत्तर (सीआरपी म्हणजे बचत गटांची समुदाय संसाधन व्यक्ती, निलंगा)
ताई, नाव तुमचंच लावा. आमच्या गटातल्या एकीनं लोणच्याचा धंदा नवऱ्याच्या नावे केला. भाऊ वेगळे झाले तेव्हा तिची मशीनसुद्धा वाटणीत धरली. तिनं उभं केलेलं सगळं दिरांच्या हिशेबात गेलं. प्रकल्प अहवालासाठी एजंटाला पैसे देऊ नका, योजनेनं मदतीला नेमलेली जिल्हा संसाधन व्यक्ती करून देते.

उत्तर (म्हसवड, जि. सातारा)
आमच्या माणदेशी या महिलांच्या सहकारी बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला होता, कारण प्रवर्तक बायांचे अंगठे होते. बाया लिहा-वाचायला शिकल्या, 1997 ला बँक उभी राहिली. मालकांना घेऊन या म्हणणाऱ्या साहेबाला विचारा, तसा नियम लेखी आहे का?

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. वाटणीचं वाचून यांनी स्वतःच आबांकडं विषय काढला. आबा अजून तयार नाहीत, पण उद्यम नोंदणी मी माझ्या नावानं करून टाकली. आता एक सांगा, आमच्याकडं थ्री फेज बहुतेक रात्रीच असते. अहवालात सिंगल फेज मोटरची मिल दाखवली तर चालेल का?