अ‍ॅबिरॅटेरोन थांबवायचं कधी, पुन्हा सुरू कधी? (अ‍ॅडॅप्टिव्ह थेरपी)

रेणुका_सांख्यिकी:
प्रोस्टेट कॅन्सरमधल्या अ‍ॅडॅप्टिव्ह थेरपीवर जर्नल क्लबसाठी टिपण करतेय. औषधाला दाद देणाऱ्या पेशी मुद्दाम शिल्लक ठेवायच्या, म्हणजे त्या प्रतिरोधक पेशींना वाढू देत नाहीत, इथवर कळलं. पण अ‍ॅबिरॅटेरोनच्या (टेस्टोस्टेरोन बनू न देणारं औषध) गोळ्या नेमक्या कशावरून थांबवतात? आणि मध्ये खंड देऊन उपचार करण्याचे आधीचे प्रयोग फसले होते ना?

पेशीवाला:
पीएसएवरून (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारं प्रथिन). टँपाच्या मॉफिट कॅन्सर सेंटरमध्ये रॉबर्ट गेटनबी यांच्या गटाने हार्मोन-उपचाराला न जुमानणाऱ्या, पसरलेल्या आजारावर हे केलं. सुरुवातीचा पीएसए ४० धरा. २० वर आला की अ‍ॅबिरॅटेरोन बंद, परत ४० ला पोचला की चालू. ल्युप्रोलाइडसारखं, वृषणातलं टेस्टोस्टेरोन दाबणारं इंजेक्शन मात्र सुरूच राहतं. बरेच जण इथे गफलत करतात. पीएसए दर महिन्याला, सीटी आणि बोन स्कॅन तीन महिन्यांनी. एखाद्याचं चक्र काही महिन्यांत पुरं होतं, एखाद्याचं वर्षभर चालतं.

त्यांच्या मॉडेलमध्ये पेशी तीन प्रकारच्या: बाहेरच्या टेस्टोस्टेरोनवर जगणाऱ्या, सीवायपी१७ए१ हे एन्झाइम वापरून स्वतः ते बनवणाऱ्या, आणि त्याची गरजच नसलेल्या. अ‍ॅबिरॅटेरोन हेच एन्झाइम बंद पाडतं, म्हणजे पहिल्या दोन्ही मार खातात आणि तिसरीला रान मोकळं. सुट्टीच्या काळात दुसरी टेस्टोस्टेरोन बनवते, त्यावर पहिलीही तगते, आणि दोघी मिळून तिसरीची जागा अडवतात.

२०२२ चे आकडे: आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ अ‍ॅडॅप्टिव्ह गटात (१७ जण) ३३.५ महिने, सलग औषध घेणाऱ्यांत (१६ जण) १४.३. टिपणात हे ठळक लिहा: वाटणी रँडम नव्हती, आणि अ‍ॅबिरॅटेरोनने पीएसए निम्म्यावर आलेल्यांनाच घेतलं होतं.

अनिरुद्ध_ऑन्को:
जुन्या प्रयोगांबद्दल. स्वॉग ९३४६ या प्रोस्टेट कॅन्सरच्या चाचणीत आधी सात महिने सलग हार्मोन-उपचार, पीएसए ४ किंवा खाली आला तरच पुढे सलग की खंडित अशी वाटणी. तोवर जिला राखायचं तीच पेशी बहुतेक साफ झालेली, असा गेटनबींच्या बाजूचा आक्षेप आहे. मला तो पटतो, पण सिद्ध झालाय असं म्हणणार नाही.

मेलॅनोमाचं (त्वचेचा कॅन्सर) उदाहरण जास्त बोलकं. उंदरांत खंडित डोस छान चालला होता. माणसांत डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही औषधं तीन आठवडे बंद, पाच आठवडे चालू, असं कॅलेंडर लावलं (निकाल २०२०). आजार न वाढता गेलेला मध्यक काळ सलग गटात ९.० महिने, खंडित गटात ५.५. गाठीची अवस्था न विचारता तारखेवर औषध बंद केलं, तर वाढीला फुकट मुदत मिळते.

कपाशी_विदर्भ:
म्हणजे बीटी कपाशीच्या पाकिटाबरोबर पूर्वी वेगळ्या येणाऱ्या नॉन-बीटी बियाण्यासारखंच की! कडेच्या ओळी लावल्या नाहीत आणि शेंदरी बोंडअळी माजली.

पेशीवाला:
अर्धंच जुळतं. रेफ्युजी (नॉन-बीटी) ओळीतले पतंग प्रतिरोधक पतंगांशी संकर करून तो गुण पातळ करतात. गाठीतल्या पेशींचा संकर होत नाही. तिथे फक्त जागा, रक्तपुरवठा आणि हार्मोनसाठी मारामारी. त्यामुळे तिसऱ्या प्रकारच्या पेशी आधीच बहुसंख्य असतील तर राखायला कोणी उरतच नाही.

अनिरुद्ध_ऑन्को:
रेणुकाताई, टिपणात आणखी दोन गोष्टी घ्या. न्यूरोएन्डोक्राइन बदल झाला (म्हणजे गाठीच्या पेशींनी प्रकारच बदलला) तर पीएसए कमीच राहतो आणि यकृतात गाठी वाढत असतात, म्हणून नुसत्या पीएसएवर चक्र चालवता येत नाही. दुसरं, उपाशीपोटी १००० मिग्रॅ अ‍ॅबिरॅटेरोनऐवजी कमी चरबीच्या नाश्त्यासोबत २५० मिग्रॅ देतात, ती अ‍ॅडॅप्टिव्ह थेरपी नव्हे. अन्नासोबत औषध जास्त शोषलं जातं, एवढाच तिचा आधार. पेशींवरचा दाब तसाच सलग राहतो. आणि इमॅटिनिबवरच्या सीएमएल (रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) पेशंटला हे वाचून गोळ्या गाळू देऊ नका. तिथे सलग दाबून ठेवणंच चालतं, आणि औषध थांबवायचं तर दीर्घकाळ खोल प्रतिसाद टिकल्यावर, पीसीआर या रक्तचाचणीच्या देखरेखीखाली.