1983 म्हणजे फक्त वर्ल्डकप का? प्रश्नमंजूषेसाठी मदत हवी

पार्कचौककर: आमच्या दहावीच्या 1983 च्या बॅचचं गेट-टुगेदर आहे सोलापुरात. प्रश्नमंजूषा माझ्या गळ्यात पडली. विषय एकच, ते वर्ष. काढायला बसलो तर कपिल, लॉर्ड्स, 183 आणि पुन्हा कपिल. जग, सिनेमा, पुरस्कार यातलं काही सुचवा. गूगल करून कंटाळलो.

पेपरवाला_साखरपेठ: काय बे, तीन प्रश्नांत वर्ष संपलं होय? मी तेव्हा पहाटे सायकलवरून 'संचार' टाकायचो, त्यामुळे मथळे डोक्यात बसलेत. फायनल शनिवारी, 25 जूनला. रविवारी नेहमीच्या घरी अंक टाकेपर्यंत रस्त्यावरच लोक मागायला लागले. ते सगळ्यांना आठवतं. पण तेच वेस्ट इंडीजवाले ऑक्टोबरमध्ये इकडे आले आणि कसोट्या 3-0, वनडे 5-0 अशी आपली धुलाई करून गेले, ते कुणी काढत नाही. मार्शलने एकट्याने 33 बळी घेतले. अहमदाबादला कपिलने एका डावात 83 धावांत 9 जण काढले, तरी सामना हरलोच. आकडा बघा, त्र्याऐंशी साली त्र्याऐंशीच! हा प्रश्न घालाच. त्याच मालिकेत गावस्करने दिल्लीत 29 वं शतक करून ब्रॅडमनला गाठलं आणि डिसेंबरअखेर मद्रासला नाबाद 236 करून मागे टाकलं.

आता पुरस्कार. इथे एक घोळ असतो. 'गांधी' सिनेमा दिल्लीत 30 नोव्हेंबर 1982 ला लागला, ऑस्कर मिळाली एप्रिल 83 मध्ये, तीही आठ. वेशभूषेचं कोल्हापूरच्या भानू अथैयांना, जॉन मोलोंसोबत. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. 'कोणत्या वर्षाचा सिनेमा' आणि 'कोणत्या वर्षी मिळालं' हे वेगळं विचारा, नाहीतर हॉलमध्ये भांडण. भारतरत्न विनोबांना, मरणोत्तर.

नोबेलमध्ये मला भौतिकशास्त्राचं आवडतं. चंद्रशेखर आणि फाउलर. चंद्रशेखरांनी पांढऱ्या खुज्या ताऱ्याच्या (जळण संपून आकसलेला तारा) वस्तुमानाची मर्यादा, सूर्याच्या सुमारे 1.4 पट, विशीत असतानाच मांडली होती. बक्षीस यायला अर्धशतक गेलं. शांततेचं पोलंडचे कामगार नेते वालेसांना.

आणि एक खास. 26 सप्टेंबरला मॉस्कोजवळ पेट्रोव्ह नावाचा अधिकारी ड्युटीवर होता. उपग्रहाने सांगितलं, अमेरिकेची क्षेपणास्त्रं सुटलीत. हा म्हणाला, खोटा इशारा आहे. खरंच खोटा होता. त्या महिन्याच्या 1 तारखेलाच रशियाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं, 269 माणसं गेली, त्याचे मथळे आमच्या पिशवीत होते. पेट्रोव्हची ओळसुद्धा नव्हती, ते नव्वदच्या दशकात बाहेर आलं. वर्षाच्या आढाव्यात कुणाच्याच नसलेली वर्षातली सगळ्यात मोठी बातमी!

शेंगाचटणी: दादा, भारी. कपिलचे झिंबाब्वेविरुद्धचे नाबाद 175 राहिले. 17 वर 5 बाद होते, आणि त्या सामन्याचं चित्रीकरणच नाही.

पेपरवाला_साखरपेठ: तो प्रश्न सगळ्यांना येतो. त्यापेक्षा हा विचारा : 14 डिसेंबरला इंदिरा गांधींनी कशाची किल्ली एका ग्राहकाच्या हातात दिली? मारुती 800 ची. ऑगस्टअखेर आपला इन्सॅट-1बी उपग्रह अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून वर गेला, तोही घ्या.

पार्कचौककर: पेट्रोव्ह शेवटच्या फेरीला ठेवतो. विनोबांचा मी विसरलोच होतो. बॅचमधले निम्मे पुण्या-मुंबईला, अथैयांचा तिथल्यांना विचारतो. बक्षीस काय ठेवू?

शेंगाचटणी: चादर सोडून काहीही. सोलापूरकराला सोलापूरची चादर देऊ नका.

पेपरवाला_साखरपेठ: पुण्याहून येणाऱ्यांना द्या की. ते नेतात.