तुमच्या ऑफिसच्या खणात कामाचं नसलेलं काय आहे?

ऑफिसात टेबल ऑफिसचं, खुर्ची ऑफिसची, कॉम्प्युटरही ऑफिसचाच. आपला म्हणावा असा एक खण तेवढा असतो. त्यात पेन, पिना, शिक्के सगळ्यांकडेच असतात, ते सोडून द्या. कामाशी ज्याचा काही संबंध नाही, आणि तरी जे काढून टाकायला मन होत नाही, त्याबद्दल लिहा. वस्तू काय आहे, कशी आली, आणि मुख्य म्हणजे कुणासाठी ठेवलीय. सुरुवात मी करते.

मी पणजीत एका बँकेत आहे, पेन्शनचं काउंटर माझ्याकडे. माझ्या खणात वाचायचे चष्मे आहेत: दीड, दोन आणि अडीच नंबरचे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला म्हातारी माणसं येतात, आणि फॉर्म हातात घेतल्यावर लक्षात येतं की चष्मा घरीच राहिला. दुसऱ्या कुणी फॉर्म भरून दिला तर काम होतं, पण ज्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं किंवा कचेरीत हिशेब लिहिले, त्यांना ते आवडत नाही. चष्मा पुढे केला की ओळीवर बोट फिरवत, सगळं वाचून, मग सही करतात.

चष्म्यांच्या शेजारी स्वच्छ सुती फडकं आणि हातांना लावायच्या क्रीमची ट्यूब आहे. ती बोटांच्या ठशांसाठी. काजू कारखान्यात वर्षानुवर्षं काजू फोडलेल्या बायकांची बोटं एकदा जवळून बघा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, बोटांवरच्या रेषा झिजून जातात, आणि यंत्र त्यांना ओळखायलाच तयार होत नाही. बोट पुसायचं, किंचित क्रीम चोळायचं, थोडं थांबायचं, मग पुन्हा ठेवायचं. पुष्कळदा लागतं. नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला करता येतो, त्याने फार मोठी सोय झाली आणि अडलं तर मी तेच करते. पण आधी बोटच लावून बघते, कारण ते लागलं की त्यांना होणारा आनंद मला बघायचा असतो.

आता तुम्ही लिहा.

डिचोली

माझ्या खणात खनिजाचा एक खडा आहे, हेमॅटाइटचा. मुठीत मावतो, पण हातात घेणारा हमखास म्हणतो, 'अरे, केवढा जड!' कागदावर ओढला की तांबूस रेघ उठते. आमच्या भागात पावसाळ्यात ओहोळाचं पाणी ज्या रंगाचं असायचं, तोच रंग.

मी खाणीवर वजनकाट्याला होतो. ट्रक काट्यावर चढायचा, मी चलन फाडायचो, ट्रक आमोण्याच्या जेटीला जायचा आणि तिथून माल बार्जने मांडवीतून मुरगावला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मध्यंतरी वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. मग फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यावर सगळं पुन्हा ठप्प.

आता मी एका पतसंस्थेत आहे. खड्याखाली एक कागद आहे, मी काट्यावर फाडलेल्या अगदी शेवटच्या चलनाची स्थळप्रत. ज्या ट्रकचं ते चलन, त्याचा मालक आमच्याच संस्थेत हप्ते भरायला येतो. एकदा मी त्याला तो कागद दाखवला. गाडी त्याने केव्हाच विकलीय. नंबर वाचून त्याने मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाला, 'तुझेकडेच दवर.' म्हणून ठेवलाय. त्या धुळीने शेतं कशी तांबडी झाली हे मी पाहिलंय, पूर्वी चालायच्या तशाच खाणी परत चालाव्यात असं मला मुळीच वाटत नाही. पण आमच्या गावची निम्मी माणसं त्या कागदावर जगत होती, तेव्हा तो फेकायचा नाही.

मडगाव

भिरंडसोलां, म्हणजे आमसुलं. काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाची. अंगावर पित्त उठलं की सोलांचं पाणी, दुपारी जेवल्यावर जड वाटलं की सोलांचं पाणी, उन्हातून कुणी आलं की साखर घालून सोलांचं पाणी. पूर्ण मजल्याला ठाऊक आहे. मे महिन्यात आई नवीन वाळवते तेव्हा बरणी भरते. माझी अडचण एकच आहे: आमचं टेबल जुनं, लाकडी, आणि जून उजाडला की खण फुगून असा बसतो की दोघांनी ओढावा लागतो. कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

साष्टी

जुन्या दस्तांचं काम असतं आमच्याकडे. माझ्या खणात एक भिंग आणि एक जाड वही आहे. दोन्ही माझ्या आधी या खुर्चीवर असलेल्या गृहस्थांची.

१९६१ पूर्वीचे दस्त पोर्तुगीजमध्ये आहेत, आणि तेही छापलेले नाहीत, हाताने लिहिलेले. भाषा येणारा माणूससुद्धा ते अक्षर बघून थांबतो. या गृहस्थांनी वहीत नुसते शब्द उतरवले नाहीत, कुठला लेखनिक कुठलं अक्षर कसं काढायचा ते गिरवून ठेवलंय. एकाचा 'पी' वरून उघडा, दुसऱ्याचा 'एस' सापासारखा लांब, तिसरा प्रत्येक शब्दाची शेवटची चार अक्षरं गिळून वर एक टिंब देणारा. चतुःसीमांना वेगळं पान आहे: उगवतीला काय, मावळतीला काय, ओहोळ, बांध, कोमुनिदादची म्हणजे गावकीची जमीन, सगळं देवनागरीत अर्थासकट.

लोक येतात ते आजीच्या नावाचा दस्त घेऊन. कुणी मुंबईहून आलेलं असतं, कुणी लिस्बनहून. त्यांना सगळा दस्त समजायला नको असतो, घरामागची विहीर आपल्या हद्दीत आहे की नाही एवढंच हवं असतं. भिंग काढायचं, वही उघडायची आणि शोधायचं. निवृत्त होताना त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, 'भर घालत जा.' मी घालतोय, वेगळ्या शाईने, म्हणजे त्यांचं कुठलं आणि माझं कुठलं ते पुढच्याला कळेल.

त्याच खणात सुती दोरा आणि दाभण आहे. स्टेपलर मी जुन्या कागदांजवळ येऊ देत नाही. आपल्याकडच्या पावसात पिना गंजतात, आधी तपकिरी डाग पडतो, मग नेमकं तिथेच भोक. रबरबँड विरघळून कागदाला चिकटतो तो वेगळाच. कोरे लिफाफे ठेवायचे असतील तर प्रत्येकाच्या डिंकावर बटरपेपरची पट्टी घाला, नाहीतर ऑगस्टपर्यंत सगळे आपोआप बंद झालेले सापडतात. कागदपत्रं सांभाळणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, पिना काढा आणि दोऱ्याने बांधा. हे काम पावसाआधीच करा.

चोडण

फेरीबोटीने येते. वर पाऊस, खाली चिखल, मध्ये वारा. खणात एक पूर्ण कोरडा जोड: सलवार, कुर्ता, पंचा. आमच्या ऑफिसात जी नवीन मुलगी लागते तिला मी पहिल्या दिवशी हेच सांगते.

वेर्णे औद्योगिक वसाहत

माझ्या खणात मिशा आहेत. एक राजाची, एक सावकाराची, एक पोलीसपाटलाची. क्रेपच्या केसांच्या, बटरपेपरमध्ये गुंडाळून साबणाच्या डबीत ठेवलेल्या. सोबत मिशी चिकटवायला स्पिरिट गमची बाटली आणि मिशी उतरवायला खोबरेल तेल.

आमच्या गावच्या जत्रेला नाटक असतं. गोव्यातल्या लोकांना हे सांगायला नको, पण बाहेरचे वाचणारे असतील तर त्यांच्यासाठी: तुळशीच्या लग्नानंतर देवळादेवळांच्या जत्रा सुरू होतात, आणि देवळासमोरच्या मंडपात गावची माणसं मराठी नाटक करतात. पालखी झाली की मध्यरात्रीच्या सुमारास पडदा वर जातो. कला अकादमीच्या स्पर्धेचं नाटक वेगळं, तिथे परीक्षक असतात. इथे समोर सगळा गाव बसलेला, आणि तुमच्या वडिलांनी हीच भूमिका कशी केली होती ते पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना पाठ. मला ती परीक्षा जास्त कठीण वाटते.

जत्रेच्या दिवशी ऑफिस सुटलं की थेट बस पकडून रंगायला बसायचं असतं, म्हणून सामान इथेच. नाटकाची वहीही इथेच, कारण तालीम जेवणाच्या सुट्टीत होते. माझ्यासमोर स्टोअरमध्ये बिहारचा एक मुलगा बसतो. मराठी त्याला येत नव्हतं, पण लिपी तीच, त्यामुळे तो समोरच्याची वाक्यं वाचतो आणि मी माझी म्हणतो. पहिल्या वर्षी तो नुसता वाचायचा. दुसऱ्या वर्षी मी एक शब्द गाळला तर त्याने बोट वर केलं. ह्या वर्षी म्हणाला की सावकार शेवटी इतक्या लवकर मऊ होता कामा नये. बरोबर होतं त्याचं. जत्रेला त्याला घरी घेऊन गेलो, आईने जेवायला वाढलं, आणि पहाटे पडदा पडेपर्यंत तो विंगेत प्रॉम्प्टरच्या मागे वही धरून उभा होता. पुढल्या वर्षी त्याला शिपायाचं काम द्यायचं आमच्या मंडळाने ठरवलंय. चार वाक्यं आहेत. त्याची मिशी मी आत्ताच करून ठेवलीय, चौथी.

सत्तरी

प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या खणात लग्नपत्रिकांच्या कागदाची छोटी पाकिटं आहेत, दुधाच्या दातांसाठी. पहिली-दुसरीत दात पडायचं वय. वर्गात दात पडला की मूल आधी घाबरतं, रक्त बघून रडतं, मग दात हरवला तर त्याहून जास्त रडतं. तोंड धुवून घ्यायचं, दात पुसून पाकिटात, वर नाव आणि तारीख, आणि घरी जाताना दप्तरात. घरी तो छपरावर टाकतात. एका मुलाने विचारलं, 'टीचर, आमच्या घराला स्लॅब आहे, मग?' मी त्याला म्हटलं, शाळेला कौलं आहेत ना. तेव्हापासून ज्यांच्या घराला कौलं नाहीत ती मुलं शाळेच्या छपरावर दात टाकतात. सगळा वर्ग बाहेर येऊन बघतो.

खणात सॅनिटरी पॅड, बिस्किटं आणि सुई-दोराही असतो. ते प्रत्येक शिक्षिकेकडे असतंच, आणि असावंच.

वास्को

मी जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या कंपनीत आहे. तारवटी सुट्टीवर परत आले की खिशातली परकी नाणी माझ्या टेबलावर ठेवून जातात. बँक नाणी बदलून देत नाही, त्यांना त्यांचा उपयोग नसतो. मी देशवार पाकिटं केलीत. बाप जहाजावर असताना आई मुलाला घेऊन कागदांसाठी येते, तेव्हा बाप सध्या ज्या देशाच्या बंदरात आहे तिथलं नाणं मी त्या मुलाला देते. असेल तर.

फोंडा

माझा खण उघडला की वाजतो. आत घागऱ्या नावाच्या रानझुडपाच्या वाळलेल्या शेंगा आहेत.

चवथीला गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे एक लाकडी चौकट, बांधतात, तिच्यात रानातली फळं, फुलं, पानं लागतात. पूर्वी घरचा पुरुष रानात जाऊन सगळं जमवायचा. आता बरेच जण बाजारातून विकत आणतात, आणि बाजारात येतं ते तरी कुठून, त्याच रानातून, वेल मुळासकट ओढून. कवंडळाचं लालभडक फळ माटोळीत फार शोभतं, पण आमच्या डोंगराच्या कडेला ते आता पूर्वीसारखं दिसत नाही. म्हणून चवथ झाली की विसर्जनाच्या वेळी मी शेजाऱ्यांच्या माटोळ्यांतली पिकलेली फळं मागून घेतो, बिया काढतो, राखेत घोळवून वाळवतो आणि ऑफिसच्या खणात पुड्या बांधून ठेवतो. ऑफिसात का? कारण माणसं इथे येतात. आमच्याकडे शेतीच्या कागदांसाठी दिवसभर लोक असतात. ज्याच्याकडे कुंपण आहे आणि वेल चढवायला झाड आहे, त्याला मी कागदांबरोबर पुडी देतो. पाऊस पडला की लावायची आणि वेल तोडायचा नाही, एवढंच सांगतो. काहींनी लावल्या, काही विसरले. एक आजोबा दुसऱ्या वर्षी स्वतःच्या कवंडळाच्या बिया घेऊन आले आणि माझ्या पुडीत ओतून गेले. कला आणि संस्कृती खातं माटोळीची स्पर्धा घेतं ते चांगलंच आहे, पण जिंकायला दुर्मीळ फळ तोडून आणण्यापेक्षा ते लावलं म्हणून बक्षीस द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

बांबोळी

इस्पितळात नोंदणीला बसतो. खणात चार्जर, सगळ्या प्रकारचे, बारीक गोल पिनेच्या जुन्या फोनचासुद्धा. घाईत पेशंटला घेऊन आलेला माणूस चार्जर आणत नाही, आणि त्याला घरी कळवायचं असतं. बारीक पिनेचा कुणाकडे पडून असेल तर मला द्या, माझा आता सैल झालाय.

पणजी, फोन्तेन्य

मडगावच्या बाईंनी फुगलेल्या खणाचं विचारलंय. आमचं ऑफिस जुन्या घरात आहे, सगळी टेबलं सागवानी, त्यामुळे हे मी दर वर्षी करतो. खण पावसात ओढत बसू नका, पुढची फळी निखळते. एप्रिल-मेमध्ये लाकूड कोरडं असताना खण पूर्ण बाहेर काढा. ज्या कडांवर तो सरकतो त्या घासून चकाकलेल्या दिसतील, फक्त तिथेच बारीक पॉलिशपेपर मारा. जास्त नको, उन्हाळ्यात खण सैल व्हायला नको. मग पांढरी मेणबत्ती त्या कडांवर आणि आतल्या पट्ट्यांवर दाबून चोळा. तेल लावू नका, तेलाला धूळ चिकटते आणि दोन महिन्यांत आणखी घट्ट होतं. आता जून लागलाच असेल तर बरणी आधी बाहेर काढून ठेवा, आणि दुपारी पंखा थेट टेबलावर सोडून संध्याकाळी खण काढून बघा. निघाला की लगेच मेण.