लिलावगृहामार्फत जुन्या एअरगन विकल्यास हाती नेमके किती उरते?

प्रश्न : तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार. माझे थोरले मामा तरुणपणीच इंग्लंडला गेले आणि बर्मिंगहॅमजवळ स्थायिक झाले. जुन्या एअरगन जमवण्याचा त्यांना नाद होता. त्यांच्या निधनानंतर मामेभावाला घर रिकामे करायचे असल्यामुळे हा संग्रह तिथल्याच एका लिलावगृहाकडे सोपवावा, असे घरात ठरत आले आहे. मृत्युपत्राप्रमाणे येणाऱ्या रकमेत माझ्या आईचा निम्मा वाटा असल्याने लिलावगृहाचे अटींचे पत्र त्याने मला वाचायला पाठवले.

संग्रहात वेब्ली या ब्रिटिश कंपनीचे मार्क वन पिस्तूल त्याच्या मूळ खोक्यासह, बीएसए या ब्रिटिश कंपनीची एअरस्पोर्टर रायफल, ‘ओरिजिनल’ असा छाप असलेली मॉडेल २७ रायफल आणि किरकोळ किमतीच्या तीन रायफली आहेत. पत्रानुसार हातोड्याच्या भावावर (म्हणजे हातोडा पडतानाच्या शेवटच्या बोलीवर) १५ टक्के कमिशन आहे, मात्र ते प्रत्येक लॉटमागे (एका बोलीत विकायच्या वस्तूमागे किंवा वस्तूंच्या गटामागे) १५ पौंडांपेक्षा कमी असणार नाही. छायाचित्र व कॅटलॉगसाठी लॉटमागे ५ पौंड, विम्यापोटी भावाच्या दीड टक्का, आणि या सर्वांवर २० टक्के व्हॅट. लॉट विकला गेला नाही तर राखीव किमतीच्या (ज्याखाली तो विकायचा नाही त्या किमतीच्या) ५ टक्के रक्कम द्यावी लागेल. खरेदीदाराकडून २५ टक्के प्रीमियम, म्हणजे भावावर वेगळे शुल्क, घेतला जातो, परंतु त्याचा विक्रेत्याशी संबंध नाही, असेही त्यात म्हटले आहे.

१५ टक्के वजा करून आईला आकडा सांगावा का, की खर्च याहून अधिक धरावा? दुसरे असे की, आजोबांच्या काळापासून भुसावळच्या घरी बीएसएची एक रायफल आहे आणि ती पहिल्या महायुद्धाच्या आधीची असल्याचे मामा सांगत. तीही याच लिलावात पाठवता येईल का?

उत्तर १ : जमाखर्च (जळगाव)

ताई, पत्रातील अटी घेऊनच हिशेब मांडतो. समजा, एअरस्पोर्टरवर हातोडा २५० पौंडांवर पडला. कमिशन ३७.५० पौंड, विमा ३.७५ आणि छायाचित्राचे ५ मिळून ४६.२५ पौंड झाले; त्यावर व्हॅट ९.२५ धरला की वजावट ५५.५० पौंड होते आणि तुमच्याकडे १९४.५० पौंड येतात. म्हणजे पत्राच्या पहिल्या ओळीतले १५ टक्के प्रत्यक्षात २२ टक्क्यांच्या पुढे जातात, आणि वस्तू जितकी स्वस्त तितके हे प्रमाण वाढत जाते.

आता खरेदीदाराच्या बाजूने पाहा. त्याला २५० वर ६२.५० पौंड प्रीमियम, प्रीमियमवर १२.५० पौंड व्हॅट, आणि घरबसल्या ऑनलाइन बोली लावली असेल तर संकेतस्थळाचे साधारण ५ टक्के व त्यावरील व्हॅट असे आणखी १५ पौंड भरावे लागतात. त्याच्या खिशातून ३४० पौंड जातात आणि तुमच्या आईच्या व मामेभावाच्या खात्यांत मिळून १९४.५० येतात. मधले १४५.५० पौंड हा या व्यवहाराचा खरा खर्च आहे.

म्हणूनच ‘प्रीमियमचा विक्रेत्याशी संबंध नाही’ हे वाक्य कायद्याच्या भाषेत बरोबर असले तरी हिशेबात टिकत नाही. जाणकार संग्राहक आधी ठरवतो की या रायफलीसाठी एकूण ३४० पौंडांपेक्षा अधिक द्यायचे नाहीत, आणि तिथून उलटा हिशेब करून बोली २५० वर थांबवतो. आपल्याकडे २०१६ साली फळे व भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम झाला, तेव्हा बाजार समितीत व्यापाऱ्याने काय केले असेल ते खानदेशच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. आडत कोणाच्या नावावर लिहिली यापेक्षा बोली किती खाली आली हे पाहावे लागते.

मात्र तुमच्या पत्रातील सर्वांत महाग अट मला कमिशनची नव्हे, तर किमान १५ पौंडांची वाटते. किरकोळ रायफलींपैकी एक ४० पौंडांना गेली, तर १५ टक्क्यांनी ६ पौंड व्हायला हवेत, पण लागतील १५. त्यात ५ पौंड छायाचित्राचे, ६० पेन्स विम्याचे आणि व्हॅट मिळवला की २४.७२ पौंड कापले जाऊन हाती १५.२८ उरतात, तिन्ही रायफलींचे मिळून ४५.८४. त्याच तिन्ही एका लॉटमध्ये बांधल्या आणि एकत्र असल्यामुळे भाव पडून १२० ऐवजी ९० पौंडच आले, तरी वजावट २५.६२ होऊन ६४.३८ पौंड मिळतात. भाव एक चतुर्थांशाने कमी येऊनही हाती अधिक रक्कम येते, हे मामेभावाला आवर्जून कळवा. लॉट कसे पाडायचे हे बहुधा लिलावगृहच ठरवते आणि लॉट वाढले की त्याचे किमान शुल्कही वाढते, त्यामुळे हा विषय तुमच्याकडूनच निघायला हवा.

उत्तर २ : जुना छर्रा (धुळे)

वरील हिशेबाशी सहमत आहे. वस्तूंच्या बाजूने थोडे लिहितो, कारण काही खर्च पावतीवर छापलेले नसतात.

पहिली गोष्ट म्हणजे वर्तमानपत्रांतील लिलावाचे भाव पाहून अपेक्षा बांधू नका. शॉन कॉनरी यांनी जेम्स बाँडच्या जाहिरात-छायाचित्रांसाठी हातात धरलेले पिस्तूल प्रत्यक्षात वॉल्थरचे एलपी ५३ हे एअर पिस्तूल होते. २०१० मध्ये लंडनच्या ख्रिस्तीज लिलावगृहात ते २,७७,२५० पौंडांना गेल्याचे सर्वत्र छापून आले. पण त्या आकड्यात खरेदीदाराचा प्रीमियम मिळवलेला होता आणि हातोडा २,३०,००० वर पडला होता. कॅटलॉगमधील अंदाजित किंमत मात्र प्रीमियमविरहित असते. त्या पिस्तुलाचा अंदाज १५ ते २० हजार पौंड होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे लोक इथेच फसतात. (तसल्याच, पण बाँडशी संबंध नसलेल्या एलपी ५३ ला त्या किमतीचा अल्पसा अंशही मिळत नाही, हे वेगळे सांगायला नको.)

दुसरी गोष्ट वर्णनाची. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘डायना’ हे नाव आणि यंत्रसामग्री ब्रिटनमधील मिलब्रो कंपनीकडे गेली, त्यामुळे राश्टाटच्या मूळ जर्मन कारखान्याला ब्रिटनमध्ये आपला माल ‘ओरिजिनल’ या नावाने विकावा लागला. तुमच्या मॉडेल २७ वर तो छाप आहे, म्हणजे ती जर्मन बनावटीची आहे. सर्वसाधारण वस्तूंच्या लिलावगृहातील कर्मचाऱ्याने घाईत ‘डायना पद्धतीची जुनी एअर रायफल’ असे लिहून टाकले, तर माहितगार खरेदीदार ती स्वस्तात उचलतो. हे नुकसान कोणत्याही शुल्काहून मोठे असू शकते. म्हणून शस्त्रांचे स्वतंत्र लिलाव भरवणारे लिलावगृह दोन-तीन टक्के अधिक घेत असले तरी मी तेच निवडेन.

वेब्ली मार्क वन हे १९२४ पासूनचे मॉडेल आहे. त्याची नळी सिलिंडरच्या वर आडवी असते आणि मागची कडी सोडवून ती उचलून पुढे लोटली की स्प्रिंग ताणली जाते. खरेदीदार या कडीचा सैलपणा, मुठीच्या पट्ट्यांना गेलेली चीर आणि काळ्या-निळ्या झिलईचा मूळपणा पाहतो. मामेभावाला सांगा की पॉलिश पेपर लावू नये आणि नवी झिलईही चढवू नये. हौसेने केलेल्या या दुरुस्तीचे पैसे तर जातातच, शिवाय भावही पडतो. कोरड्या कापडाने धूळ पुसून हलका तेलाचा हात पुरे. खोके, आतील छापील सूचनापत्रक, छऱ्यांची जुनी डबी असे जे सापडेल ते सोबत ठेवावे.

राखीव किंमत ठेवायची झाल्यास फक्त पिस्तूल आणि एअरस्पोर्टरवर ठेवा, आणि तीही अंदाजाच्या खालच्या आकड्याहून वर नको. १५० पौंडांची राखीव किंमत गाठली नाही तर ५ टक्क्यांप्रमाणे ७.५० पौंड व व्हॅट जातील, ते फारसे नाही. पण न विकलेला लॉट परत न्यायला उशीर झाला तर साठवणुकीचे भाडे लागते, आणि पुढच्या लिलावात तोच लॉट दिसला की लोक हात आखडता घेतात.

आणखी एक. २००७ पासून ब्रिटनमध्ये व्यापारी विक्रीतील एअरगन खरेदीदाराला समोरासमोरच द्यावी लागते. दूर राहणाऱ्याने बोली जिंकली, तर ती त्याच्या जवळच्या नोंदणीकृत शस्त्रविक्रेत्याकडे पाठवावी लागते आणि तो विक्रेता आपले शुल्क घेतो. पाठवणीचा खर्च खरेदीदाराचा असला, तरी ४० पौंडांच्या रायफलीवर दुरून बोली का येत नाही, याचे उत्तर त्यात आहे.

उत्तर ३ : कागदपत्र (अमळनेर)

भुसावळच्या रायफलीबद्दल लिहितो. ती पाठवण्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे मत आहे.

शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १० नुसार शस्त्र देशाबाहेर पाठवण्यास परवाना लागतो. रायफल खरोखरच १९१४ पूर्वीची असेल तर तिला १०० वर्षे उलटून गेली आहेत, आणि पुरावशेष व कलावस्तू कायदा, १९७२ नुसार ऐतिहासिक महत्त्वाची इतकी जुनी वस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही. ती त्या व्याख्येत बसत नाही असे तुम्हाला म्हणायचे असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागेल. ‘खेळणे’ किंवा ‘जुने लोखंड’ असे लिहून कुरिअरने पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. तो थेट गुन्हा ठरेल.

त्याआधी नळीचा व्यास तपासून घ्या. त्या काळातील बीएसए क्रमांक १ म्हणजे .१७७ इंच आणि क्रमांक २ म्हणजे .२२ इंच अशा व्यासांत येत. आपल्याकडे परवान्यातून सूट मिळण्यासाठी .१७७ चा व्यास आणि छऱ्याच्या ऊर्जेसाठी २० ज्यूलची मर्यादा पाहिली जाते. रायफल .२२ ची निघाली, तर विक्रीच्या खर्चाआधी ती घरात ठेवण्याचाच प्रश्न उभा राहील. तेव्हा व्यास कळल्याबरोबर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारणा करा.

तापीकाठ (भुसावळ)

सर्वांचे आभार. घरची रायफल आज पाहिली, सिलिंडरच्या मागच्या बाजूला २ हा आकडा कोरलेला आहे. त्यामुळे ती कुठेही न हलवता उद्याच अर्ज देते.

मामेभावाशीही बोलले. तीन किरकोळ रायफलींचा एकच लॉट करण्यास लिलावगृह तयार आहे, पण कमिशन कमी करण्यास नाही. आणखी कोणत्या शुल्कावर घासाघीस करता येईल?

जमाखर्च (जळगाव)

छायाचित्राचे ५ पौंड आणि विम्याचा दीड टक्का माफ करायला सांगा. संपूर्ण संग्रह एकाच घरातून येत असेल तर या दोन शुल्कांवर लिलावगृहे सहज नमते घेतात, कारण त्यांची मोठी कमाई प्रीमियममधून होते. विमा माफ करताना मात्र लिलाव होईपर्यंत वस्तू हरवली किंवा मोडली तर जबाबदारी कोणाची, हे लेखी घ्यावे. पैसे किती दिवसांत मिळतील आणि खरेदीदाराने रक्कम बुडवली तर लॉटचे काय होईल, हेही त्याच पत्रात विचारावे. आईच्या वाट्याची रक्कम प्रत्येक लॉटची वेगळी न मागवता सगळा हिशेब पुरा झाल्यावर एकदाच मागवा, म्हणजे बँकेचे शुल्क एकदाच लागेल.