प्रतिसाद : 'लर्न्ड' की 'लर्न्ट'?

वर 'लर्न'च्या (शिकणे) भूतकाळाचं 'लर्न्ड' (learned) चूक की 'लर्न्ट' (learnt) चूक यावरून जुंपली आहे. दोन्ही बरोबर आहेत, भाऊ. अमेरिकेत 'लर्न्ड'च चालतं, ब्रिटनमध्ये दोन्ही. आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या ट्यूशनमध्ये मात्र 'लर्न्ड' लिहिलं की लाल पेनाची रेघ ठरलेली!

'गॉटन' (gotten) हे 'गेट'चं अमेरिकनांनी बिघडवलेलं रूप आहे, हे वर कुणीतरी लिहिलंय ते पटलं नाही. तो शब्द जुना इंग्लंडचाच. तिकडे तो मागे पडला, अमेरिकेत टिकला. 'स्नीक'चा (गुपचूप सटकणे) भूतकाळ 'स्नक' (snuck) मात्र खरंच अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा.

2007 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला होता. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित (भूतकाळात नुसतं '-ed' न लागणारी) क्रियापदं घेतली, तर आज त्यातली 98च अनियमित उरली आहेत. जे क्रियापद रोज तोंडात असतं ते वाकडंच राहतं, क्वचित लागणारं सरळ होतं. 'हेल्प'चा भूतकाळ एकेकाळी 'होल्प' होता, वापरून पाहा कुणासमोर.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? कर-केलं, जा-गेला, मर-मेला. माझा पुतण्या तीन वर्षांचा असताना 'मी करलं' म्हणायचा, आजी हसायची. तेच पोरगं आता इंग्रजीत 'गो'चं 'गोड' (goed) म्हणतं 'वेन्ट'ऐवजी. नियम बरोबर पकडलाय त्यानं, भाषाच वाकडी आहे. आणि नागपुरातल्या बर्डीवरच्या (सीताबर्डी) हिंदीत 'मैंने करा' सर्रास ऐकू येतं, तिथे कोण लाल पेन घेऊन उभं आहे?

'हँग्ड' आणि 'हंग' मात्र सांभाळा. माणसाला फाशी दिली तर 'हँग्ड', भिंतीवर फोटो लावला तर 'हंग'.