खरेदीच्या आधी निदान

प्रत्येक मुलाच्या हाती टॅब्लेट दिला की ज्याचे त्याचे आपापल्या गतीने शिकणे आपोआप सुरू होईल, या मताशी मी सहमत होऊ शकत नाही. पेरू देशात ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेखाली लाखो संगणक वाटले गेले. परंतु २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात मुलांच्या गणितातील आणि भाषेतील गुणांवर त्यांचा परिणाम आढळला नाही.

म्हणून नियोजनाचा आरंभ मूल नेमके कुठे अडते याच्या निदानापासून व्हावा, असे मला मनापासून वाटते. ५२ मधून २८ वजा करून ३६ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. ते प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत असते, आणि अशा वेळी त्याच प्रकारची आणखी वीस उदाहरणे पुढे सरकवणारे सॉफ्टवेअर त्याचा गैरसमज पक्का करण्याचीच शक्यता अधिक. त्याला दशकाची, म्हणजे दहा काड्यांची, मोळी सोडून दाखवणारे कोणी तरी जवळ हवे. चुकीमागची रीत ओळखून ती शिक्षकापर्यंत पोहोचवणारे साधन मात्र खरोखर मोलाचे ठरेल.

अशा साधनाने दिलेले अहवाल वाचण्यासाठी आणि त्यानुसार मुलांचे छोटे गट पाडण्यासाठी शिक्षकाच्या वेळापत्रकात राखीव तास आहे का, हा प्रश्न मला सर्वांत कळीचा वाटतो, कारण तो तास नसेल तर सारी माहिती पडद्यावरच राहते. उपकरणांच्या दुरुस्तीचा खर्च आणि मुलांच्या माहितीची गोपनीयता यांची तरतूद अर्थातच पहिल्या वर्षापासून असावी.